दुसऱ्या खुर्चीची ऊब

कागदोपत्री त्या यानाचं नाव एच-सात होतं, पण पारनेरच्या पठारावर त्याला सगळे रेडा म्हणत. लढाऊ यान म्हटलं की डोळ्यांपुढे काहीतरी निमुळतं, चपळ येतं. रेडा तसा नव्हता. एकोणीस मीटर लांब, पोटाशी फुगलेला, बावीस टनांचा. जिथे हवाच नाही तिथे निमुळतेपणाचा काही उपयोग नसतो, आणि रेड्याला पळायचंही फारसं नव्हतं. त्याला लपून बसायचं होतं.

त्याला लपवायचं कसं, हे शलाका गुरवचं काम होतं. ती उष्णता विभागाची प्रमुख होती, वय एक्कावन्न. नवीन आलेल्या इंजिनिअरांना ती पहिल्याच दिवशी विचारायची, "अवकाश थंड असतं की गरम?"

थंड, असं सगळे म्हणत.

"मग थर्मासमधला चहा गार का होत नाही?"

मुलं जरा विचार करत. मग तीच सांगायची. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये काहीच नसतं, म्हणून उष्णता बाहेर पडायला वाट नसते. अवकाश म्हणजे असा एक प्रचंड थर्मास. यानातली यंत्रं, दिवे, माणूस, सगळे सतत तापत असतात आणि ही उष्णता बाहेर घालवायचा एकच मार्ग असतो, ती अदृश्य किरणांच्या रूपात फेकून देणं. पण असं फेकणारं यान अंधाऱ्या आभाळात शेकोटीसारखं दिसतं. शत्रूची दुर्बीण ते लाखो किलोमीटरवरून टिपते. म्हणून लपायचं तर यानाची कातडी बाहेरच्या अंधाराइतकी थंड ठेवायची आणि आतली सगळी उष्णता आतच कुठेतरी साठवायची.

"कुठे साठवायची?"

"बर्फात," शलाका सांगायची. मासळीच्या पेटीतला बर्फ जसा वितळत वितळत मासे गार ठेवतो, तसंच. रेड्याच्या पोटात दोन टन बर्फ होता. तो वितळेपर्यंत रेडा दिसणार नाही. सगळ्याचं पाणी झालं की मात्र त्याला पंख पसरून उष्णता फेकावीच लागेल, आणि मग तो दिसेल. जितका बर्फ, तितके लपण्याचे दिवस. शलाकाच्या आकडेमोडीनुसार ते पंधरा होते.

आत माणूस हवाच होता. जीव घ्यायचा निर्णय यंत्राने स्वतः घेऊ नये, असा करार तोवर बहुतेक देशांनी मान्य केला होता. दुरून विचारून निर्णय घ्यायचा तर संदेश पाठवावा लागतो, आणि संदेश पाठवणारा सापडतो. म्हणून रेड्याने बोलायचं नाही. ज्या वाहकनौकेच्या पोटातून तो निघणार, तीही लपलेलीच असणार, तीही बोलणार नाही. पंधरा दिवस पूर्ण शांतता, आणि आत एक माणूस, समोर आलेलं जहाज पाहून बटण दाबायचं की नाही ते ठरवणारा.

एक की दोन, यावरूनच सगळं सुरू झालं.

*

रघुवीर अवसरे केबिन विभागात होते. शलाकापेक्षा सात वर्षांनी मोठे, मूळचे कुडाळचे. सोळा वर्षं दोघांची टेबलं एकाच खोलीत होती. दुपारी अवसरे डबा उघडत, झाकणात काळ्या वाटाण्याची उसळ काढून शलाकाच्या कागदांवर ठेवत आणि आपल्या कामाला लागत. तिने कधी मागितली नव्हती, त्यांनी कधी विचारलं नव्हतं. शलाका एकटी राहायची. सणासुदीच्या सुट्टीत ती दार लावून आठ-आठ दिवस वाचत पडायची आणि ताजीतवानी होऊन परत यायची. एकटं राहणं तिला जमतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिला तर होतंच.

अवसऱ्यांच्या आराखड्यात दोन खुर्च्या होत्या, शेजारी शेजारी.

"माणूस शंभर वॅट उष्णता देतो," शलाका म्हणाली. "नुसता बसला तरी. दुसरा माणूस म्हणजे आणखी शंभर, त्याची हवा शुद्ध करायला साठ, बाकीचं वीस. शिवाय तो, त्याची खुर्ची, त्याचं पाणी, अन्न, सगळं मिळून चारशे किलो."

"मग घ्या की चारशे किलो जास्त."

"घेता येत नाही. वाहकनौकेचा जो यांत्रिक हात यान परत पकडतो, तो बावीस टनांच्या वर एक किलो घेणार नाही. चारशे किलो बर्फातूनच कमी करावे लागतील. बर्फ कमी आणि उष्णता जास्त. पंधराचे नऊ दिवस होतात, अवसरे."

"मग नऊ दिवस."

"नऊ दिवसांत कोण सापडणार आहे? पंधरा दिवस बसणारं यान समोरच्याला घाबरवतं. नऊ दिवसांचं नाही."

अवसऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शलाका, पंधरा दिवस एक माणूस एका खुर्चीत. आवाज नाही, बातमी नाही. आणि शेवटी त्याने ठरवायचं, समोरचे चाळीस जण मारायचे की नाही. तू बसशील?"

"बसेन," ती म्हणाली. तिने हे मनापासून सांगितलं. "मला तर सुट्टी वाटेल."

निवड समितीचे अध्यक्ष कर्णिकसाहेब आरमारातून निवृत्त झालेले, सौम्य बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं. अवसरे माणसाबद्दल बोलले, शलाकाने आकडे मांडले. आकड्यांना उत्तर द्यायला अवसऱ्यांकडे आकडे नव्हते. एक खुर्ची मंजूर झाली.

दोन महिन्यांनी अवसऱ्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. भांडण झालं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी आपला खण रिकामा केला, पट्ट्या आणि पेन्सिली एका पिशवीत भरल्या. "येतो," म्हणाले. शलाका फोनवर होती. तिने हात वर केला. फोन ठेवून ती दाराशी आली, तोवर त्यांची गाडी पवनचक्क्यांच्या रांगेपलीकडे गेली होती.

*

पहिली चाचणी जमिनीवरच झाली. पठारावर हवा काढून घेता येईल असं एक अजस्र पोलादी दालन होतं, त्याला टाकी म्हणत. त्यात रेड्याचं पुढचं अर्धं अंग बसवलं होतं. आत स्क्वाड्रन लीडर इम्तियाज मुजावर बसणार होता. चौतिशीचा, मिरजेचा, कमी आणि नेमकं बोलणारा. आतलं चित्र बाहेर येणार नव्हतं, आवाजही नाही; डॉक्टरांसाठी नाडीचे ठोके तेवढे येणार होते. किती बर्फ वितळला ते मात्र अचूक मोजता येत होतं, आणि यंत्रांची उष्णता ठरलेली होती. ती वजा केली की उरायची ती माणसाची. टाकीबाहेरच्या खोलीत पडद्यावर एकच रेघ सरकत राहायची: आतला माणूस या घडीला किती वॅट उष्णता देतोय.

मुजावर आत गेला तेव्हा रेघ एकशे चारवर होती.

त्याच्याजवळ चारशे गाणी होती, पुस्तकं होती. त्या सगळ्याला मिळून अर्धा वॅटसुद्धा लागत नव्हता, तेव्हा शलाकाने खुशाल दिली होती. चौथ्या दिवशी रेघ एकशे एकवर आली, सातव्या दिवशी नव्वदवर. गाण्यांचं यंत्र पाचव्या दिवसापासून बंद होतं. दहाव्या दिवशी रेघ एक्याऐंशीवर टेकली.

"उत्तम," कर्णिकसाहेब म्हणाले. "माणूस शांत झाला की बर्फही वाचतो. तुमचे पंधराचे सोळा होणार, मॅडम."

शलाका पडद्याकडे बघत होती. एक्याऐंशी वॅट म्हणजे गाढ झोपलेला माणूस. पण मुजावर झोपलेला नव्हता. नाडी सांगत होती, तो जागा आहे. तो फक्त हलत नसावा, जेवण अर्धं टाकत असावा, भिंतीकडे बघून बसला असावा. तिने आयुष्यभर उष्णतेच्या रेघा वाचल्या होत्या. कुठलीही वस्तू गार व्हायला लागली की रेघ अशीच उतरते.

अकराव्या दिवशी ठरल्याप्रमाणे मुजावरच्या पडद्यावर एक जहाज दाखवलं गेलं. मालवाहू जहाज, आत चाळीस माणसं असल्याची खूण, बाजूला लुकलुकणारा पिवळा दिवा. सोडून द्यायचं जहाज. मुजावरने ते सोडून दिलं. पण त्यानंतर त्याने रेडिओ चालू केला.

ध्वनिमुद्रण सगळ्यांनी नंतर ऐकलं. "मी इम्तियाज," तो म्हणत होता. "इकडे आहे मी. तुमच्यात कोण कोण आहे?" मग जरा थांबून, "जेवलात का?" सहा मिनिटं तो चित्रातल्या जहाजाशी बोलत होता. त्या सहा मिनिटांत उष्णतेची रेघ एकशे दहावर गेली होती.

खऱ्या युद्धात तो पहिल्याच मिनिटाला सापडला असता. अहवालात लिहिलं गेलं की वैमानिकाची निवड चुकली. मुजावरला उड्डाणावरून काढून भांडाराच्या कामावर बसवण्यात आलं. बाहेर आल्यावर तो शलाकाला एवढंच म्हणाला, "मॅडम, ते चित्र आहे हे मला कळत होतं. पूर्ण वेळ कळत होतं."

समितीच्या पुढच्या बैठकीत ठरलं की एकटं राहण्याची आवड असलेलेच वैमानिक निवडायचे. पण असा माणूस पंधरा दिवस काढतो हे आधी दाखवायला हवं होतं. सगळ्यांच्या माना हळूहळू शलाकाकडे वळल्या. ती त्याआधीच उठून उभी राहिली होती.

"मी बसते," ती म्हणाली.

*

पहिले चार दिवस तिला खरोखर सुट्टी वाटली. तिने एक जाड कादंबरी संपवली. पाचव्या दिवशी दुसरी उघडली आणि एकच पान तीनदा वाचलं.

सहाव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती कशाची तरी वाट बघतेय. कशाची, ते शोधायला तिला दुपार लागली. घरी ती दार लावून वाचत पडायची, तेव्हा जिन्यात पावलं वाजायची. खालच्या मजल्यावरच्या बाई मुलीवर ओरडायच्या. वसाहतीचा पहारेकरी खिडकीखालून जाताना खाकरायचा. ती एकटी राहत होती, पण एका भिंतीपलीकडे माणसं असताना. आपण एकटं राहतो असं तिला वाटायचं, ते खरं म्हणजे दार लावून बसणं होतं.

सातव्या दिवशी तिने आपलं नाव मोठ्याने उच्चारून पाहिलं. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून तिच्याकडेच परत आला. तिने पुन्हा उच्चारलं नाही.

त्यानंतरचे दिवस तिला नंतर नीट आठवले नाहीत. भीती वाटली नाही, रडू आलं नाही. उलट सगळं सोपं होत गेलं. भूक कमी झाली. हात कुठे ठेवलाय हे आठवायचा कंटाळा यायला लागला. अवसऱ्यांचा चेहरा आठवून पाहिला तर चष्मा आठवला, चेहरा आला नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. लाल दांडा ओढला की चाचणी थांबणार होती. तो हाताशीच होता. ओढावासा वाटला नाही, कारण काहीच करावंसं वाटत नव्हतं.

बाराव्या दिवशी पडद्यावर जहाज आलं. चाळीस माणसांची खूण होती. पिवळा दिवा होता. शलाकाने दोन्ही पाहिलं, दोन्हीचा अर्थ तिला कळला, आणि तिने बटण दाबलं.

*

पंधरा दिवस संपले तेव्हा दीडशे किलोंहून जास्त बर्फ शिल्लक होता. तिची स्वतःची रेघ अठ्ठ्याऐंशीवरून सहासष्टवर उतरली होती. टाकीचं दार उघडलं तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. तिला तो आवाज फार मोठा वाटला.

दोन दिवसांनी समितीसमोर ती म्हणाली, "चाचणी फसली आहे."

"मॅडम, तुम्ही पूर्ण पंधरा दिवस काढलेत," कर्णिकसाहेब म्हणाले. "एकदाही रेडिओला हात लावला नाहीत."

"मी चाळीस माणसं मारली."

साहेब हळूच म्हणाले, "तुम्ही प्रशिक्षित वैमानिक नाही. शिवाय ते चित्र होतं, हे तुम्हाला माहीत होतं."

"मुजावरलाही माहीत होतं. त्याने चित्राला जेवलात का विचारलं. मी दिवा पाहिला, ओळखला आणि एकोणीस सेकंदांत बटण दाबलं. मला काहीच वाटलं नाही. एका खुर्चीचा निर्णय माझा होता, तो मी मागे घेते."

तिने हे सगळं तीन पानांत लिहूनही दिलं. समितीने उष्णतेचे आकडे स्वीकारले आणि ती तीन पानं वेगळी काढली. चाचणी बर्फाची होती, त्यात हा विषय बसत नव्हता. एका खुर्चीच्या अंतिम आराखड्यावर सही करायला शलाकाने नकार दिला. तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका इंजिनिअरने ती केली. त्याने आधी तिच्या खोलीत येऊन सांगितलं, खाली मान घालून. ती त्याच्यावर रागावली नाही. वर्षापूर्वी तिनेही केलीच असती.

*

एप्रिलमध्ये ती कुडाळला गेली. अवसऱ्यांच्या अंगणात चटईवर आमसुलं वाळत घातली होती. अवसरे लुंगी नेसून, रसाने लाल झालेल्या हातांनी ती उलटत होते.

"ये," ते म्हणाले. वळून घरात हाक दिली, "सुनंदा, गुरवबाई आलीय पठारावरची."

सुनंदावहिनींनी पाणी आणलं, जेवायला थांबायचंच असं बजावून त्या आत गेल्या. शलाकाने सगळं सांगितलं. सहासष्ट वॅट, पिवळा दिवा, एकोणीस सेकंद. अवसरे आमसुलं उलटत ऐकत होते.

"तुम्ही बरोबर होतात," ती शेवटी म्हणाली.

"मला बरोबर ठरायचं नव्हतं गं. मला दोन खुर्च्या हव्या होत्या." त्यांनी हात पुसले. "नवीन वैमानिक निवडले का?"

"आठ जण. माझ्यासारखे. एकटे राहणारे."

"त्यांना सांगितलंस हे?"

"अहवालात लिहिलंय."

"अहवाल ती मुलं वाचतात?"

अवसऱ्यांनी चटईची दुसरी बाजू शलाकाकडे सरकवली. ती वाकून आमसुलं उलटायला लागली. जेवायला बसेपर्यंत दोघं कामाखेरीज काही बोलले नाहीत.

*

पठारावर आता तिच्याकडे फारसं काम उरलं नव्हतं. पण पंधरा दिवस काढलेली ती एकटीच होती, म्हणून वैमानिकांपुढे बर्फाच्या साठ्याविषयी एक व्याख्यान द्यायला तिला बोलावलं गेलं. सकाळी दहाला आठ जण वह्या उघडून बसले होते. तिने फळ्याकडे पाठ केली.

"बर्फाचं सगळं पुस्तिकेत आहे," ती म्हणाली. "मी टाकीत काय केलं, ते सांगते."

ती पाऊण तास बोलली. स्वतःची रेघ तिने भिंतीवर लावली, तिच्या शेजारी मुजावरची. एक्याऐंशीवरून एकशे दहावर गेलेली मुजावरची सहा मिनिटं दाखवली. मग स्वतःच्या रेघेवरची एकोणीस सेकंदं दाखवली. तिथे रेघ तसूभरही हलली नव्हती.

आठ जणांत फ्लाइट लेफ्टनंट रेवती ढमाले होती. अठ्ठावीस वर्षांची. शाळेपासून एकटी डोंगर चढणारी, हे तिच्या अर्जात लिहिलेलं होतं. व्याख्यान संपल्यावर बाकीचे बाहेर गेले, ती मागे थांबली.

"मॅडम, तुम्हाला आता वाटतं का? तेव्हा नाही वाटलं, पण आता?"

"वाटतं."

"कधीपासून?"

"बाहेर येऊन नऊ-दहा दिवसांनी. बेसिनपाशी दात घासत होते. एकदम आलं."

रेवतीने वही मिटली. "मला डोंगरावर एकटीला भीती वाटत नाही," ती म्हणाली. "पण आज तुमची रेघ बघून वाटली."

तीन दिवसांनी समितीकडे एक पत्र गेलं, आठ सह्यांचं. आम्ही जाऊ, पण दोघं दोघं जाऊ, नऊ दिवस पुरेत, असं त्यात लिहिलं होतं. त्या आठांना वैमानिक म्हणून घडवायला निवडीच्या आधीची पाच वर्षं गेली होती. दुसरे आठ मिळायला आणखी पाच लागली असती. समितीने आधी समजावलं, मग दटावलं, मग तीन महिने काहीच कळवलं नाही. पावसाळा सरता सरता कर्णिकसाहेबांचा फोन आला.

"मॅडम, दुसऱ्या खुर्चीला जागा काढायची आहे. सोळाशे किलो बर्फ. कराल?"

"करते," शलाका म्हणाली. "एक विचारायचं होतं. मुजावरला भांडारातून परत बोलवता येईल?"

"बघतो," साहेब म्हणाले.

पुढचे पाच महिने तिने एकटीने काम केलं. अवसऱ्यांचा जुना आराखडा कपाटातून काढला. समोरचं टेबल रिकामंच होतं. दुपारी ती उपाहारगृहात जाऊन जेवून यायची. तिथे लोक आदराने सरकून तिला जागा करून देत आणि आपलं बोलणं थांबवत.

*

दोन खुर्च्यांची चाचणी फेब्रुवारीत सुरू झाली. आत रेवती आणि मुजावर होते.

शलाका रोज सकाळी टाकीबाहेरच्या खोलीत येऊन बसायची आणि संध्याकाळी जायची. दोघांची मिळून रेघ दोनशे सहावर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दोनशे आठ. चौथ्या दिवशीही दोनशे सात. कर्णिकसाहेब येऊन बघून जात. सहाव्या दिवशी दुपारी रेघ अचानक दोनशे साठवर उसळली आणि दीड तास खाली आली नाही. डॉक्टर धावत आले. नाड्या तपासल्या, दोघांच्याही जलद होत्या, पण धोका नव्हता. लाल दांडा कोणी ओढला नाही. आठव्या दिवशी त्यांना जहाज दाखवलं. सात मिनिटांनी ते पडद्यावरून निघून गेलं. बटण दाबलं गेलं नाही. रेडिओ बंदच राहिला.

नवव्या दिवशी अकराच्या सुमाराला टाकीचं दार उघडलं. दोघं बाहेर आले, थकलेले, डोळे चोळत, एकमेकांकडे न बघता.

"सहाव्या दिवशी काय झालं?" शलाकाने वही पुढे धरून विचारलं.

मुजावर रेवतीकडे बघून म्हणाला, "भांडलो."

"कशावरून?"

"गाण्याच्या भेंड्या," रेवती म्हणाली. "मॅडम, याने ळ आणला माझ्यावर. मुद्दाम, तिसऱ्यांदा."

"ळ आला की ल घ्यायचा," मुजावर म्हणाला. "आमच्याकडे सगळे तसंच खेळतात."

"आमच्याकडे ज्याने ळ आणला त्याने दुसरी ओळ म्हणायची. नाहीतर कोणीही उठून ळ आणेल."

"मग त्यात खेळ काय राहिला?"

"आणि मग ते जहाज आलं," रेवती शलाकाकडे वळली, "तेव्हा आम्ही दोन दिवस बोलत नव्हतो. मी म्हटलं, दिवा दिसतोय का तुला? हा म्हणाला, दिसतोय. मी म्हटलं, मग हात बाजूला ठेव. तेवढंच बोललो."

"हात बाजूलाच होता माझा," मुजावर म्हणाला.

"मॅडम, तुम्हीच सांगा. ळ आला की काय करायचं?"

दोघं तिच्याकडे बघत थांबले. शलाकाने वहीत तारीख घातली होती, त्यापुढे तिचं पेन थांबलं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी कधी खेळले नाही."

"कधीच नाही?" रेवतीने विचारलं. "लहानपणी? सहलीला वगैरे?"

"बसमध्ये मी पुढे बसायचे. वाचत."

तपासणीच्या खोलीतून डॉक्टरांनी हाक मारली. रेवती निघाली, मुजावर दोन पावलं जाऊन परत फिरला.

"थांबा इथेच, मॅडम," तो म्हणाला. "अर्धा तास लागेल. आल्यावर शिकवतो तुम्हाला. हिच्याकडून शिकू नका, चुकीचं शिकाल."

दोघं आत गेले. दार लोटलं गेलं तरी त्यांचे आवाज येत होते, शब्द मात्र कळत नव्हते. तंत्रज्ञ टाकीचे पंप एकेक करून बंद करत होते. शलाकाने वही मिटली आणि टाकीच्या पोलादी पायरीवर बसली. तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.